सिस्टिम डाऊन आहे!

अंबड एमआयडीसीतला माल घ्या नाहीतर निफाडची द्राक्षं, बोटीने परदेशी जायची तर वाट न्हावा शेवाचीच. तिथे २०१६ पासून कंटेनरना आरएफआयडी टॅग लावतात, त्यामुळे आपला कंटेनर कुठवर पोचला ते घरबसल्या कळतं. तेव्हा ऑटोमेशनला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही.

पण २७ जून २०१७ चं काय? 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधून पसरला, मर्स्क कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि जेएनपीटीतलं त्याच ग्रुपचं टर्मिनल ठप्प! क्रेन धडधाकट होत्या. पण कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कोणाला द्यायचाय, हे सांगणारा कॉम्प्युटरच गप्प. हाताने काम चालवायचा प्रयत्न झाला, पण त्याला कितीसा वेग येणार? रीफरमधली द्राक्षं थोडीच थांबतात!

मर्स्कने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. त्यासाठी लागणारा नेटवर्कचा महत्त्वाचा डेटा फक्त घानातल्या एका सर्व्हरवर शाबूत होता. का? तर तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचा हा फायदा आपल्या महावितरणलाही सुचला नसेल.

आपण प्रोजेक्टमध्ये सेन्सर लावतो, पीएलसी लावतो, स्क्रीनवर रंगीत आकडे नाचवतो. "हे बंद पडलं तर?" असं व्हायव्हात कोणी विचारत नाही. विचारलंच पाहिजे, मार्क कापले तरी चालतील. आणि बंदरांनीही आगीचं ड्रिल घेतात तसं हे ड्रिल घ्यावं: एका यार्डात तासभर सिस्टिम बंद, आणि कागद-पेन घेऊन दहा कंटेनर शोधून काढा.