चेन ताणायला दुसऱ्याचे हात कशाला?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत पीडितांच्या भेटीला जायचे असो, सभेला जायचे असो की तारखेला, आमच्या वकील-कार्यकर्त्यांची भिस्त मोटारसायकलवरच आहे. पण तिचे मागचे चाक कशाच्या जोरावर फिरते, हे आपल्यातील किती पदवीधरांना ठाऊक आहे? आम्हालाही नव्हते.

काही वर्षांपूर्वी अकोल्यात मागचे टायर बदलून घेतले. चाक बसवताना चेन एका बाजूने जास्त ओढली गेली होती. आम्ही न बघताच पैसे दिले. दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघालो, तर बोरगाव मंजूच्या पुढे चेन उतरली आणि चाक जागीच जाम झाले. मागून ट्रक आला नाही, म्हणून हे लिहितो आहोत. कोर्टात पोचलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता. आमची साक्षीदार बाई दर्यापूर तालुक्यातून मजुरी बुडवून एसटीने आली होती. तिला पुढची तारीख मिळाली. चूक गॅरेजची खरी, पण ती चूक ओळखण्याची नजर आमच्याकडे नव्हती. त्याची किंमत त्या बाईने मोजली.

त्यानंतर आम्ही पाना हातात घेतला. काम अवघड नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी ढील पाहावी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मग एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्याच पाहिजेत. आमच्या गाडीच्या त्या जुळलेल्या नव्हत्या. चाक तिरके बसले होते, एवढेच. नट पक्का आवळावा, असेल तर स्प्लिट पिन नवी घालावी आणि ढील पुन्हा तपासावी. चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो, ब्रेक धरून राहतो. म्हणून ब्रेकही पुन्हा जुळवावा. हे बहुतेक जण विसरतात.

चेन जास्त घट्ट करणे म्हणजे चांगले काम, हा समज खोटा आहे. दोघे-तिघे बसले आणि गाडी खड्ड्यात दबली की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. जोडाचे लॉक असेल, तर त्याचे बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवावे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसू नका. फडके ओढले जाते, त्यामागे बोटेही जातात.

आमच्या वऱ्हाडात पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की गाडी ढकलावी लागते. तीच माती चेनमध्ये वाळते आणि कानशीसारखी घासते. पेट्रोलने धुऊ नये. रॉकेलने पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. दुसरीकडे, अमरावती-अकोला महामार्गाने जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचे सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव मिळवले. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. खड्ड्यांच्या काळात चाळिसाने जाताना चेन उतरली, तर माणूस खरचटून उठत होता. ऐंशीने तसे होणार नाही.

मुलांनी साडी गार्ड काढून टाकण्याची फॅशन केली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा. मागे आपलीच आई, बहीण बसते; तिची ओढणी चाकात गेली तर गाडीचा रुबाब काय कामाचा?

हात काळे होतील म्हणून लाजणारे आमचे काही वकीलबंधू आहेत. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी करते. ज्यांच्या बापजाद्यांना हातच्या कामावरून हिणवले गेले, त्यांनीच ग्रीसला नाक मुरडावे काय? मेकॅनिकचे पोट आम्हाला मारायचे नाही. इंजिन उघडायचे झाले तर त्याच्याकडेच जावे. पण तो काय करतो आहे, ते आपल्याला कळले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बुद्धविहारात एक्सलच्या मापाचे दोन-तीन पाने, पक्कड, ब्रश आणि तेलाचा एक डबा ठेवावा. रविवारी वंदना आटोपली की बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या चेन तेथेच तपासाव्यात. पाने विकत घेण्याचा खर्च आमच्याकडे लागला.