औषध देणारा हात कोकणातच घडावा

या महिन्याचा विषय वरवर पाहता कॉलेजचा आणि प्रवेशाचा वाटेल. पण तो तुमच्या-आमच्या घरातल्या औषधांच्या डब्याचा विषय आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी विद्यापीठाने स्वतः चालवलेला आणि मोठ्या रुग्णालयाशी जोडलेला फार्मसीचा पदवी अभ्यासक्रम हवा, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे सविस्तर मांडतो.

दापोली, खेड, मंडणगड, चिपळूण, राजापूर, कुठल्याही मोहल्ल्यात जा. घरटी एखादा माणूस कुवेत, कतार किंवा सौदीला आहे आणि घरी वडीलधारी मंडळी आहेत. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला दोन्ही. मुलगा सुट्टीवर येताना दादीसाठी तिकडची 'ग्लुकोफाज' घेऊन येतो. इकडे गावच्या डॉक्टरांनी 'ग्लायकोमेट' लिहून दिलेली असते. पाकिटे वेगळी, नावे वेगळी, पण दोन्हींत औषध एकच : मेटफॉर्मिन. दादी बिचारी दोन्ही घेते. मग पोट बिघडते, भूक मरते आणि त्यासाठी तिसरी गोळी सुरू होते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल, तर प्रकरण जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना परदेशी पाकीट कुणी दाखवत नाही. ही चूक पकडू शकेल असा माणूस एकच, मेडिकलच्या काउंटरपलीकडे उभा असलेला.

रमजानमध्ये हाच प्रश्न आणखी मोठा होतो. दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी सहरी आणि इफ्तार या दोन वेळांत कशी बसवायची? ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळच्या सवयीने सहरीला घेतली आणि दिवसभर रोजा राहिला, तर दुपारी साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलायची असते. पण 'रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून या' एवढे सांगणारा तरी कुणी हवा ना? औषधाची माहिती असलेला आणि आपल्या घरांची रीत ठाऊक असलेला फार्मासिस्ट ते सांगू शकतो.

कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात काय दिसते, ते आपण सारे जाणतो. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच कुणी. काही प्रतिजैविकांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम २०१४ पासून आहे. तरीही खोकल्याला दोन दिवसांचे प्रतिजैविक सुटे मिळतेच. दुकानदाराला नुसते दोष देऊन हे सुटणार नाही. शिकलेली माणसे पुरेशी नसतील, तिथे कायदा भिंतीवरच राहतो.

हा वाद नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात भेसळीच्या आणि कमी कसाच्या औषधांचा सुळसुळाट होता. हिवतापावरचे क्विनीनसुद्धा भरवशाचे नव्हते. औषध बनवून देणारा 'कंपाउंडर' बहुधा पाहून पाहून शिकलेला असे. १९२७ साली पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या विक्रीवर आणि दर्जावर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. पुढे १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. फार्मसीचे रीतसर शिक्षण नाही, ही उणीव त्या समितीने ठळकपणे दाखवली. त्याच सुमारास बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी या विषयाचे वर्ग सुरू केले आणि १९३७ मध्ये तिथे बी. फार्म. ही पदवी आली. औषधांचा कायदा १९४० चा आणि फार्मसी कायदा १९४८ चा. क्रम लक्षात घ्या. पदवी आधी आली, कायदे नंतर आले. माणसे तयार होऊ लागली, तेव्हाच कायद्याला अर्थ आला.

आखातात राहिलेल्या वाचकांना औषधांच्या दुकानावरची 'सैदलिया' ही पाटी आठवत असेल. याच शब्दाशी नाते सांगणारा 'किताब अस-सैदना' हा ग्रंथ अल्-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी लिहिला. एकाच औषधाला अरबी, फारसी, युनानी आणि हिंदी भाषांत काय म्हणतात, हे त्याने त्यात नोंदवून ठेवले. एका वस्तूची दोन नावे झाली की माणूस फसतो, हे त्याने ओळखले होते. दादीच्या डब्यातला घोळ तोच आहे.

आता कोकणाकडे येऊ. इथे फार्मसीचे शिक्षण अजिबात नाही, असे आम्ही म्हणत नाही. रत्नागिरीला शासकीय महाविद्यालय आहे. सावर्डे आणि सावंतवाडीला खासगी संस्था आहेत. त्यांनी अनेक घरांतली पहिली शिकलेली पिढी उभी केली आहे. पण बी. फार्म.च्या चार वर्षांचा मोठा भाग प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्याभोवती फिरतो. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकवणारी पदवी वेगळी आहे. तिचे नाव फार्म. डी. आपल्या देशात ती २००८ पासून आली. बारावी विज्ञाननंतर सहा वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष पूर्ण रुग्णालयात. बी. फार्म. झालेल्यांना तीन वर्षांत ती मिळवण्याची सोय आहे. अट मोठी आहे, किमान तीनशे खाटांचे रुग्णालय लागते. म्हणून ही पदवी मोठ्या शहरांत स्थिरावली.

पण आता परिस्थिती बदलली आहे. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत आहे. रुग्णालय आणि विद्यापीठ दोन्ही हाताशी आहेत. फक्त दोघांची गाठ बांधायची आहे.

शिक्षण ज्या मातीत रुजते, त्या मातीचे प्रश्न ते हाती घेते. याचा दाखला आपल्याच दारात आहे. १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ आले. त्याच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या नव्या जाती दिल्या, 'रत्ना' आणि 'सिंधू' हे आंबे दिले. हे काम पुण्यात किंवा राहुरीत बसून कोण करणार होते? औषधांचेही तसेच आहे. पावसाळ्यातला लेप्टो, दोडामार्गचा माकडताप, सर्पदंश हे इथले प्रश्न आहेत. ज्याच्यापासून कर्करोगावरच्या औषधाचा घटक मिळतो, तो नरक्या सह्याद्रीच्या जंगलातून चोरून तोडला जातो. त्याचा अभ्यासही इथल्याच मुलांनी करायला हवा.

'शिकून मुले शेवटी मुंबईला नाहीतर दुबईलाच जाणार,' असे काही जण म्हणतील. काही जातील, आणि त्यात वाईट काही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागासाठी दिलेल्या मार्गदर्शनात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. ग्रामीण भागातली मुले निवडा आणि शिक्षणसंस्था राजधानीबाहेर काढा, म्हणजे माणसे तिथे टिकण्याची शक्यता वाढते. ऑस्ट्रेलियाने हे आधीच करून पाहिले होते. वागा वागा या आतल्या भागातल्या शहरात १९९७ मध्ये आणि ब्रिस्बेनपासून तेराशे किलोमीटरवरच्या टाउन्सव्हिलमध्ये १९९९ मध्ये फार्मसीची पदवी सुरू झाली, ती लांबच्या गावांना फार्मासिस्ट मिळावेत म्हणूनच.

दुसरा आक्षेप : फार्मसी कॉलेजे आधीच बेसुमार झाली आहेत. हे खरे आहे. म्हणूनच फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये पाच वर्षे नवी कॉलेजे नकोत असे ठरवले होते. ती बंदी नुसत्या ठरावाने घालता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. पण त्या बंदीतूनही सरकारी संस्था वगळलेल्या होत्या, हे विसरू नये. आम्ही आणखी एक इमारत आणि आणखी एक फीचा तक्ता मागत नाही. विद्यापीठाने जबाबदारी घ्यावी आणि फी सामान्य घराला झेपणारी असावी, एवढेच मागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फार्म. डी. झालेल्यांना नोकऱ्या कुठे आहेत? २०२१ च्या दुरुस्तीने नियमांत क्लिनिकल फार्मासिस्ट हे पद आले, पण सरकारी रुग्णालयांत त्याच्या जागा निर्माण करणे शासनाच्या हाती आहे. म्हणून मागणी जोडीनेच करायला हवी. पदवी द्या आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत तिच्यासाठी जागाही द्या. एक दिली आणि दुसरी नाही, तर मुलांची सहा वर्षे वाया जातील.

या सगळ्यात आमच्या मनात सर्वांत वर आहेत त्या आपल्या मुली. बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी पुण्या-मुंबईला पाठवायची म्हटली की घरात चर्चा थांबते. खर्च, होस्टेल, काळजी. तीच मुलगी रत्नागिरीला एसटीने जाऊन शनिवारी घरी येऊ शकत असेल, तर अब्बांचा 'नाही' पुष्कळदा 'बघू' होतो आणि 'बघू'चा 'हो' व्हायला वेळ लागत नाही. शिवाय मोहल्ल्यातल्या बायका आपली दुखणी पुरुष दुकानदारापुढे बोलत नाहीत. काउंटरवर आपलीच शिकलेली मुलगी असेल, तर बोलतील.

संस्था काय करू शकते, याचे उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमच्या परिसरात फार्मसीचे पदवी महाविद्यालय चालते. आदिवासीबहुल, आडवळणाचा तालुका. तिथे हे होऊ शकते, तर दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या दक्षिण कोकणात का नाही?

मग आपण काय करायचे? पहिले, दहावीनंतर मुला-मुलींना निदान एकदा विज्ञान शाखेबद्दल नीट विचारा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित नसेल, तर हे दार उघडतच नाही. दुसरे, गावची जमात, शिक्षणसंस्था आणि आखातातल्या मंडळांनी सर्व समाजांच्या संस्थांना सोबत घेऊन विद्यापीठाकडे आणि आपल्या आमदारांकडे लेखी मागणी करावी. औषध जात-धर्म पाहून काम करत नाही, मागणीही सगळ्या कोकणाची असावी. तिसरे काम आजच करता येईल. घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे, परदेशातून आलेलीसुद्धा, एका पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना व फार्मासिस्टना दाखवा. पाकिटावर ठळक छापलेल्या नावाखाली औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरांत असते. ते वाचा. एकच नाव दोन पाकिटांवर दिसले, तर विचारल्याशिवाय दोन्ही गोळ्या घेऊ नका.