सोंग वठते कोणामुळे?

स्नेहसंमेलनातील वेशभूषा स्पर्धेचा निकाल लागला की दरवर्षी वाद होतो. कोणाला टिळक आवडतात, कोणाला सावित्रीबाई. परीक्षक पगडीला आणि नऊवारीला गुण देतात आणि पुढल्या वर्षी तेच टिळक पुन्हा दोन मिनिटांसाठी मंचावर येऊन जातात. या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. मंचावरच्या टिळकांशी आपल्यापैकी कोणी टिळकांशी बोलावे तसे बोलत नाही. आपण टाळ्या वाजवतो किंवा शिट्या मारतो. सोंग घेतले जाते खरे, पण ते वठत नाही. दोष त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याचा नाही, आपला आहे!

युरोपात काही वर्षांपासून भूमिका जगण्याचा एक खेळ रूढ झाला आहे. इंग्लंडात १९८२ साली चेशायर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात लोक पैसे भरून योद्धे आणि मांत्रिक होण्यासाठी जाऊ लागले. १९९७ पासून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड हे देश आळीपाळीने या खेळावर परिषद भरवतात. संहिता नाही, मंच नाही, प्रेक्षकही नाहीत. जो तो आपली भूमिका जगतो. तिकडच्या अभ्यासकांत दोन प्रश्नांवर मोठा खल चालतो. एक, खेळाचे जग उभे कसे करावे? आणि दुसरा, भूमिकेत किती बुडावे? एका पक्षाचे म्हणणे असे की, खेळणाऱ्याने स्वतःला पार विसरून जावे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या मराठवाड्यातल्या बहुरूप्याला, म्हणजे ज्याला आपल्याकडे रायरंदही म्हणतात त्याला, किल्ला भाड्याने न घेताच सापडली होती. सुगी आटोपली की तो गावात येई. आज फौजदार, उद्या वकील, परवा साधू. फौजदार होऊन आला की दुकानासमोर उभा राहून वही काढी आणि आरोप ठेवी की, तुमच्या कोंबड्याने रात्री दोनला बांग देऊन सरकारची झोपमोड केली आहे. दुकानदार त्याला चांगला ओळखून असे. तरी तो लगबगीने उठून खुर्ची पुसायचा आणि हात जोडून म्हणायचा, "साहेब, या खेपेला सांभाळून घ्या." पोरे खरोखरच घाबरून आईमागे दडत. पारावरचे म्हातारे मिशीत हसत, पण गुपित फोडत नसत. गाव हेच नेपथ्य, आणि ते उभारणारा तो खुर्ची पुसणारा दुकानदार! जाणूनबुजून फसणारा माणूस समोर नसेल तर जगातल्या थोर नटाचेही सोंग कोसळेल. दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीच्या रामलीला मैदानावर जो मुकुट घालून राम होतो, त्याला राम करण्यात त्याच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाचा वाटा अर्धा असतो.

आता बुडण्याविषयी. एक लोककथा पुष्कळांनी ऐकली असेल. एका बहुरूप्याने साधूचे सोंग घेतले. गावचा शेठ भुलला आणि त्याने मोहरांचे ताट पुढे केले. साधूने ते पायाने सारले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपल्या फाटक्या वेषात दाराशी आला आणि बिदागी मागू लागला. शेठ म्हणाला, काल ताट का नाकारलेस? तो म्हणाला, काल घेतले असते तर सोंगाला बट्टा लागला असता. या कथेतून लोक निष्ठेचा बोध घेतात. मला दुसरा दिवस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो परत आला, स्वतःच्या नावाने आला आणि रोकडा हक्क मागितला. स्वतःला विसरून बसलेला बहुरूपी उपाशी मरेल. साऱ्या गोष्टींची सोंगे आणता येतात, पैशाचे येत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या नटाने आपल्या आत्मचरित्राला 'बहुरूपी' हेच नाव दिले, यात मला नवल वाटत नाही.

मात्र हा खेळ गाव आणि बहुरूपी यांच्या ओळखीवर चालतो, आणि ती ओळख आता सरली आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे अशा मिषाने मागणे हीसुद्धा भीकच ठरवली. सरकारी यादीत बहुरूपी भटक्या जमातींत आहे. कलावंत म्हणून त्याला कोण विचारतो? याहून भयंकर गोष्ट १ जुलै २०१८ रोजी घडली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ते पाचजण कोणतेही सोंग घेऊन आले नव्हते. जमावानेच त्यांच्यावर एक भूमिका लादली आणि तीतून बाहेर येण्याची वाट ठेवली नाही. अनोळखी माणसाला आपण काय समजायचे, हे ठरवण्याची ताकद गावाकडे पूर्वीही होती. पूर्वी त्या ताकदीतून खेळ होत असे.

युवक महोत्सवात आपण भारूड बसवतो. एकनाथांनी 'जोहार' लिहिताना महाराच्या मुखाने बोलण्याचे धाडस केले, हे वर्गात शिकतो. मग पुढल्या संमेलनात एवढे करून पाहावे. एखाद्या बहुरूप्याला बोलवावे, पण मंचावर नको आणि सत्कारही नको. तीन दिवस त्याला आवारात मोकळे सोडावे: ग्रंथालयात, कार्यालयाच्या खिडकीशी, उपाहारगृहात. प्राचार्यांना आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे, कारण खाकी गणवेशाचा प्रश्न आहे आणि त्याचा भुर्दंड त्या गरिबाला पडू नये. विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे की तो येणार आहे. ओळखले तरी मोबाइल काढू नये, खुर्ची पुढे करावी. चौथ्या दिवशी तो आपल्या कपड्यांत येईल, तेव्हा बिदागीचे पाकीट तयार असावे, आणि त्यातली रक्कम वाद्यवृंदाला देतो त्याहून कमी नसावी.