दवाखान्याच्या पाटीवर अक्षरं वाढली, पण दुखणाऱ्या जबड्याचं काय? दंतवैद्यांच्या 'पुढच्या शिक्षणा'चा प्रश्न समजून घ्या

मुरगूड, गारगोटी, कागल, निपाणी. या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत फिरलं तर दातांच्या दवाखान्याच्या पाट्या दिसतातच. डॉक्टरांच्या नावापुढे बीडीएस असतं. कुठे एमडीएस असतं. आणि त्यापुढे कधी कधी आणखी चार-सहा अक्षरं असतात. कुठली फेलोशिप, कुठलं सर्टिफिकेट, इम्प्लांटचा कोर्स, स्माईल डिझाईनचा कोर्स.

पेशंटला त्यातलं फारसं काही कळत नाही. त्याला दाढ दुखतेय, एवढंच माहीत असतं. पण हीच अक्षरं ठरवतात की त्याच्या दाढेवर रूट कॅनल होणार, कॅप बसणार, की "दाढ चांगली आहे, दुखतोय तो जबड्याचा स्नायू" असं सांगून त्याला घरी पाठवलं जाणार.

पाच वर्षांत काय शिकवतात?

बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. दात भरणं आणि रूट कॅनलची शाखा वेगळी, कॅप-ब्रिज-कवळीची वेगळी, हिरड्यांची वेगळी, जबड्याच्या शस्त्रक्रियेची वेगळी. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यासाठी मात्र स्वतंत्र शाखा नाही. ते थोडं कवळीवाल्यांकडे, थोडं सर्जनकडे, थोडं मुखरोग निदानाच्या शाखेकडे. सगळ्यांचं असलेलं काम शेवटी कुणाचंच राहत नाही, तसं काहीसं.

अमेरिकेतही बराच काळ हेच होतं. तिथे चेहरा आणि जबड्याच्या वेदनांना दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती मार्च २०२० मध्ये.

मुरगूडचा विचार केला तर गावातला दंतवैद्य बहुधा बीडीएसच असतो, आणि बहुतेक सगळं त्यालाच बघावं लागतं. एमडीएस शिकवणारी महाविद्यालयं आजूबाजूला आहेत. वारणानगरजवळ नवे पारगाव, सांगली, कऱ्हाड, आणि सीमेपलीकडे बेळगाव. पण ही सगळी खासगी किंवा अभिमत. राज्यातली जुनी शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे वेदगंगेच्या काठावरून निघालेल्या पेशंटला तिथे पोचायला एक अख्खी रात्र एसटीत काढावी लागते.

त्यात विद्या थांबत नाही. नव्वदच्या दशकात शिकलेल्या डॉक्टरांनी दाढेत 'चांदी' भरायचं शिक्षण घेतलं. त्या चांदीत पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारतही त्यात आहे. आता दातांच्या रंगाचं, दाताला चिकटणारं मटेरियल भरतात. ते भरताना दात कोरडा ठेवावा लागतो, थर देत जावं लागतं, नाहीतर वर्षभरात कडेने कीड शिरते. हे तंत्र पुस्तक वाचून येत नाही. हात बसावा लागतो.

मग शिकतात कुठे?

भारतीय दंत परिषदेने २००७ मध्ये यासाठी नियम केले. नोंदणीकृत दंतवैद्याने व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळा करून गुण मिळवत राहायचे, अशी ही व्यवस्था. कल्पना चांगली होती. अडचण अशी की गुण मिळतात ते हजेरीचे. सभागृहात सहा तास बसलेला आणि सहा तास मागच्या खुर्चीत मोबाईल बघणारा, दोघांच्या सर्टिफिकेटमध्ये फरक नसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वेबिनारचा पूर आला, तेव्हा तर घरी बसूनच सर्टिफिकेटं मिळू लागली.

दुसरा मार्ग विद्यापीठाचा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ फेलोशिप आणि सर्टिफिकेट अभ्यासक्रम चालवतं. यात पेशंट बघावे लागतात, परीक्षा असते. पण त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रात वेळ द्यावा लागतो, आणि एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला तेच जमत नाही. दवाखाना बंद म्हणजे कमाई बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

त्यामुळे तिसरा मार्ग फोफावला. शनिवार-रविवारचे खासगी कोर्स. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावच्या हॉटेलांत ते भरतात. यातले काही उत्तम असतात. नावाजलेले प्राध्यापक येतात, मॉडेलवर हात चालवून घेतात, नंतरही फोनवर शंका सोडवतात. अशा कोर्सनी लहान गावांतल्या दातांच्या उपचारांचा दर्जा खरोखर वाढवलाय, हे मान्य करावं लागेल.

पण बऱ्याच कोर्समागे इम्प्लांट किंवा मटेरियल बनवणारी कंपनी असते. कोर्स स्वस्त, सोबत किट. कंपनीला किट विकायचं असतं, मग कोर्समध्ये 'इम्प्लांट कसा बसवायचा' यावर दोन दिवस आणि 'कुणाला बसवायचा नाही' यावर अर्धा तास. खरं कौशल्य त्या अर्ध्या तासात असतं.

जबड्याच्या दुखण्यात हे महागात का पडतं?

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जो हलतो तो जबड्याचा सांधा. दिवसभर बोलताना, खाताना, जांभई देताना तो काम करतो. दोन हाडांमध्ये एक मऊ चकती असते. ती थोडी सरकली की 'खट्' आवाज येतो. आवाज येतोय पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतंय, तर बहुतेक वेळा कुठल्याच उपचाराची गरज नसते. दुखणं असतं ते बऱ्याचदा स्नायूंचं. झोपेत दात खाणं, दिवसा ताणात दात आवळून बसणं, एकाच बाजूने चावणं.

गंमत अशी की हे स्नायूचं दुखणं दाढेत जाणवतं. पेशंट दाढेवर बोट ठेवतो. एक्स-रेमध्ये फारसं काही दिसत नाही. तरी दुखतंय म्हणून रूट कॅनल होतं. दुखणं राहतंच. मग शेजारच्या दाढेचं होतं. चांगल्या दाढांवर कॅप चढतात.

याहून मोठा धोका म्हणजे 'तुमचा चावाच चुकीचा आहे' असं सांगून सगळे दात घासून नव्याने कॅप बसवणं. घासलेला दात परत वाढत नाही. कोर्सच्या जाहिरातीत याला फुल माउथ रिहॅब म्हणतात. ज्याचे दात झिजून निम्मे झालेत त्याच्यासाठी हा उपचार वरदान आहे. पण फक्त जबडा दुखतोय म्हणून करायचा हा उपचार नाही.

याबाबत जगात आता बरीच स्पष्टता आलीय. २०१४ मध्ये या दुखण्याचं निदान करण्याचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्यात सांधा आणि स्नायू तपासण्याबरोबरच पेशंटचा ताण, झोप, मनाची अवस्था विचारायलाही सांगितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने दीर्घकाळच्या जबडादुखीसाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. जबड्याचे व्यायाम, स्नायूंवर हाताने उपचार, मानेची-बसण्याची ढब सुधारणं, मानसोपचाराच्या काही पद्धती, पेशंटला नीट समजावून सांगणं, यांना त्यात जोरदार पाठिंबा आहे. ज्या प्लेटमुळे दातांची ठेवणच कायमची बदलते तिला आणि चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला तितकाच ठाम विरोध आहे.

म्हणजे सुरुवातीचा सगळ्यात चांगला उपचार स्वस्त आहे आणि त्याला मशीन लागत नाही. लागतो तो डॉक्टरचा वेळ. वेळेचं बिल करायची मात्र आपल्याकडे पद्धत नाही. कॅपचं बिल होतं, अर्धा तास समजावून सांगितल्याचं होत नाही. असा कोर्स कुठली कंपनी प्रायोजित करणार?

या भागातलं आणखी एक दुखणं

मुरगूडहून निपाणी कोल्हापूरपेक्षा जवळ. निपाणी म्हणजे तंबाखूची जुनी पेठ. गावोगावी मावा, गुटखा आणि बायकांमध्ये मशेरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही.

सुपारीमुळे तोंडाच्या आतलं आवरण हळूहळू चिवट होतं आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या आजाराचं वर्णन १९५३ मध्येच केलं होतं. पुढे त्यातून कॅन्सर होण्याचा धोका असतो. आता बघा, तरुण पेशंट सांगतो, "डॉक्टर, जबडा आखडलाय, तोंड उघडत नाही." हा सांध्याचा आजार की माव्याचा? गालाच्या आतून बोट फिरवलं की पांढरे, दोरीसारखे पट्टे लागतात. ज्याला हे हाताला माहीत आहे त्याला निदानाला दोन मिनिटं लागतात. ज्याला नाही, तो सांध्याची प्लेट देतो, आणि त्यात महिने निघून जातात.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांवर उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये बसतात का बघायचं. बसत नसतील तर दाखवून घ्यावं.

नवा कायदा काय बदलतो?

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. निवडून आलेल्या परिषदेऐवजी आयोग, त्याखाली शिक्षण, महाविद्यालयांचं मूल्यांकन आणि नीती-नोंदणी अशी तीन मंडळं, देशभराची एकच नोंदवही आणि बीडीएसच्या शेवटी 'नेक्स्ट' ही सामाईक परीक्षा. एकच नोंदवही ही मुरगूड-निपाणीसारख्या सीमेवरच्या भागात कामाची गोष्ट आहे. पेशंट रोज राज्याची हद्द ओलांडतात, डॉक्टरांची नोंदणी मात्र आजवर राज्यापुरती राहिली.

पण 'नेक्स्ट' ही दारावरची परीक्षा आहे. पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला आज काय येतं, हे ती सांगत नाही. ब्रिटनमध्ये दंतवैद्याला पाच वर्षांत १०० तासांचं पडताळता येणारं शिक्षण घ्यावं लागतं. २०१८ पासून तर आधी स्वतःची योजना लिहायची आणि नंतर त्या शिक्षणाचा कामावर काय परिणाम झाला तेही लिहायचं, असा नियम आहे. तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही, पण प्रश्न तरी बरोबर विचारलाय. 'किती तास बसलात' यापुढे जाऊन 'त्यामुळे काय बदललं' हा तो प्रश्न.

पेशंटच्या हातात तोवर काही गोष्टी आहेत. दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणं आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे, तो बघावा. नावापुढची अक्षरं पदवीची आहेत की दोन दिवसांच्या कोर्सची, हे विचारायला संकोच नको. चांगले डॉक्टर सांगतात. आणि जबडा दुखतोय म्हणून कुणी सगळे दात घासायचा सल्ला दिला, तर होकार देण्याआधी सांगली, कऱ्हाड किंवा बेळगावच्या एखाद्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दुसरं मत घ्यावं. तिथला केसपेपर एका कॅपच्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ पडतो.