शिष्यवृत्ती आमची, ओटीपी कुणाच्या हातात?

साताऱ्यात शाळेत जाताना बाबासाहेबांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलेच राहायचे. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज नळ सर्वांचा झाला. पण शिष्यवृत्तीचा नळ अजूनही दुसऱ्याच्या हाताने उघडतो, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे. आज तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. आधारने ओळख पटवायची तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली मुलगी सातारा-सांगलीत वसतिगृहात राहून शिकते. आधारला नंबर बापाचा जोडलेला. बाप ऊसतोडीला फडात. तिथे रेंज नाही, नाहीतर रिचार्जअभावी सिमच बंद. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. अंगठ्याचा पर्याय द्यावा, तर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा यंत्र ओळखतेच असे नाही.

मग विद्यार्थी नेटकॅफे गाठतात. युजरनेम कॅफेवाला बनवतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, ओटीपीही त्यालाच सांगितला जातो. सुरक्षेच्या नावाने कुलूप लावले आणि किल्ली परक्याच्या खिशात गेली!

ओळख पटवूच नका, असे आम्ही म्हणत नाही. खोटे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटणाऱ्यांना रोखलेच पाहिजे. पण ओळख म्हणजे सिमकार्ड नव्हे. महाविद्यालयात हजेरी लावणारी, ओळखपत्र असलेली मुलगी खरी आहे, हे प्राचार्य सांगू शकत नाहीत काय?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. नोंदणीवेळीच विद्यार्थ्याला एकदाच वापरता येतील असे काही राखीव कोड छापून द्या. नंबर बंद पडला तर ओळखपत्र पाहून महाविद्यालयातच त्याच दिवशी बदलून द्या. लॉगिन का नाकारले, ते पडद्यावर साध्या मराठीत लिहा. लॉगिनअभावी अर्ज राहिला तर मुदत वाढवा.

तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक वसतिगृहात मदत केंद्र सुरू करा, पण पासवर्ड विद्यार्थ्यालाच टाकू द्या. ७ नोव्हेंबरला, बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी, नुसते हार घालू नका. लॉगिनवाचून अडलेल्यांची यादी घेऊन समाजकल्याण कार्यालयात जा आणि पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका.

जय भीम!