तापातली आकडी आणि आईचे दूध

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब लागते. हवाई दलाच्या तळामुळे हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत बाळ जन्मले की आधी मध किंवा घुट्टी चाटवायची, आईचे दूध मागाहून, अशी जुनी रीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या राज्यात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे शंभरात चोवीसच्या आसपास निघाली. देशाचा आकडा बेचाळीस. आपणही फार शहाणे नाही. गाईच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटायचा आणि आईचा पिवळसर चीक मात्र 'बाळाला जड' म्हणून पिळून टाकायचा! जंतूंशी झुंजणारी द्रव्ये त्या चिकातच भरपूर असतात.

याचा आकडीशी काय संबंध? सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ताप चढताना झटके येतात. डोळे फिरतात, अंग ताठ होते, आईचा जीव उडून जातो. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, कानाचे व छातीचे विकार कमी होतात, म्हणजे तापही कमी. जपानमधल्या एका मोठ्या पाहणीत निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांत पहिल्या वर्षात अशी आकडी काहीशी कमी आढळली. अर्थात हे काही अभेद्य कवच नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळालाही आकडी येते आणि त्यात आईचा काही दोष नसतो. सासूबाईंनीही हे ध्यानात घ्यावे.

आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात, मेंदूला इजा होत नाही, आणि हे फेफरे नव्हे. पण झटका पाच मिनिटांहून लांबला, पुन्हा आला, मूल शुद्धीवर येईना, मान ताठ वाटली किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर तडक इस्पितळ गाठा. पूर्व उत्तर प्रदेशात मेंदूज्वराने वर्षानुवर्षे मुले नेली. त्याचीही सुरुवात ताप आणि झटक्यांनीच होते. पहिली आकडी थांबली तरी त्याच दिवशी मूल डॉक्टरांना दाखवावे.