‘पाण्यात विष आहे’ म्हणणाऱ्या रुग्णाशी सिस्टरनं काय बोलावं?

समजा, राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री घरचे एका तरुणाला घेऊन आलेत. तो दोन दिवस जेवलेला नाही. शेजाऱ्यांनी पाण्यात विष कालवलंय, असं सांगतोय. प्रादेशिक मनोरुग्णालय घाटाखाली रत्नागिरीला. समोर आहे ती ड्युटीवरची सिस्टर.

नसलेले आवाज ऐकू येणं, पुरावा दाखवूनही न हलणारा संशय, या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. घरचे आधी वाद घालतात. “आम्ही बी तेच पाणी पितोय की!” तर्क बरोबर, उपयोग शून्य. उलट, सांगणाराही कटात सामील आहे असं त्याला वाटू शकतं. (मी इंजिनिअर. चूक दिसली की दुरुस्त करायला हात शिवशिवतात. इथं नेमकं तेच नडतं.) “पकडलं त्यांना पोलिसांनी,” अशी थाप मारली तर तो घटकाभर शांत होईल, पण त्याच्या भ्रमाला साक्षीदार मिळेल.

नर्सिंगमध्ये शिकवतात ती वाट वेगळी आहे: “दादा, मला पाण्यात तसं काही दिसत नाही. पण तुम्ही फार घाबरलाय, हे कळतंय. मी इथंच आहे.” विषाला दुजोरा नाही, भीती मात्र मान्य. आवाज ऐकू येत असतील तर ते काय सांगतात, हे सरळ विचारावं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर डॉक्टरांना तेव्हाच कळवायला हवं. वाक्यं छोटी, बोलणारा एकच, अंगाला हात लावण्याआधी विचारणं. आणि गोळी चहात लपवून तर मुळीच नको. विषाचा संशय असलेल्या माणसाला ते कळलं, तर त्याचा संशय खराच ठरला!

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. इतर कोणत्याही प्रकारे जखडणं, तेही तातडीची इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तरच. म्हणजे आधी बोलून पाहणं आलंच. पण वॉर्डभर रुग्ण आणि हाताशी एकच सिस्टर असेल, तर ही वीस मिनिटं आणायची कुठून? माझ्या मते, तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला असं बोलण्याचा प्रत्यक्ष सराव द्यायला हवा, आणि अशा रात्री तिच्या मदतीला दुसरं माणूसही.

घरच्यांना सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.